व्हीपीनं आलेलं आरोग्य

औषधांचा इतिहास डॉक्टर-वैद्य लिहितात, कायद्यांचा वकील लिहितात. खोट्या औषधांच्या जाहिरातींचा इतिहास मात्र पोस्टात नोकरी केलेल्या माणसाला विचारावा, कारण तो माल आमच्या हातून गेला आहे. मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि शेवटी वाशिम अशी माझी नोकरी झाली. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून वाशिम वेगळा जिल्हा झाला. तसा तो जुनाच. इंग्रजांच्या वऱ्हाडात ‘बासिम’ नावाचा जिल्हा होताच, १९०५ साली त्यांनी तो मोडला आणि त्याचा बराच भाग अकोल्यात मिसळून टाकला. पत्त्यावर ‘जि. अकोला’ लिहायची सवय लोकांच्या हातातून पुढं कित्येक वर्षं गेली नाही. आम्हीही अशी पाकिटं कधी अडवली नाहीत.

नव्या पिढीला व्हीपी माहीत नाही, म्हणून आधी ती सांगतो. व्हॅल्यू पेएबल पोस्ट हिंदुस्थानात १८७७ पासून सुरू झाली. दुकानदार पार्सल पोस्टात टाकतो आणि त्यावर किंमत लिहितो. पोस्टमन ती रक्कम घेऊन पार्सल देतो, आणि पोस्ट ती रक्कम मनीऑर्डरनं दुकानदाराकडं पाठवतं. याला लोक ‘व्हीपी सोडवणं’ म्हणत. ज्या गावात किराण्यापलीकडं दुकान नव्हतं, त्या गावात या सोयीनं पुस्तकं आली, घड्याळं आली, भाजीपाल्याचं बियाणं आलं. वऱ्हाडातल्या खेड्यात वाचणारी जी पिढी तयार झाली, तिच्यावर व्हीपीचे मोठे उपकार आहेत. पण एक अट सगळे विसरतात. पार्सल फोडून पाहायचं तर आधी पैसे मोजावे लागत. पैसे मोजले की आतला माल तुमचा, आणि तो खोटा निघाला तर भांडायला समोर दुकानदार नाही. दुकानदार जामनगरला, अलीगढला, दिल्लीला नाहीतर बिहारात.

याच पोस्टानं त्या काळात खरं औषधही वाटलं, हे सांगायला हवं. हिवतापावरचं क्विनाईन १८९२ पासून बंगालात पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाच्या पुडीत मिळू लागलं आणि पुढं इतर प्रांतांतही ती पद्धत गेली. सरकारी क्विनाईन कडू होतं, आणि त्याची जाहिरात करणारं कुणी नव्हतं. धातुपौष्टिक गोळ्यांची जाहिरात मात्र पंचांगात, वर्तमानपत्रात, दिवाळी अंकात, नाटकाच्या हँडबिलावर, सगळीकडं. कागदाचा खर्च जाहिरातीवर भागवणाऱ्या संपादकाला ती नाकारणं जड जाई. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ जाहिरातींशिवाय चालवले आणि अश्लील जाहिरातींवर लिहिलंही. पण सगळ्यांनाच ते जमण्यासारखं नव्हतं.

सरकार काय करत होतं? फार काही नाही. १८६० च्या दंडसंहितेत औषधात भेसळ करणं, भेसळीचं औषध विकणं हा गुन्हा होता. पण पुडीत कोळशाची राख असेल आणि जाहिरातीत ‘कोड हमखास बरा’ असं लिहिलेलं असेल, तर भेसळ कशात झाली म्हणायची? खुद्द विलायतेत ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ मध्ये गुप्त औषधांचं पृथक्करण करून त्यांत काय निघतं ते पुस्तकरूपानं छापलं. तिथल्या सरकारनं १९१७ मध्ये गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना, १९३९ मध्ये कर्करोगावरच्या औषधांच्या जाहिरातींना आणि १९४१ मध्ये आणखी काही रोगांच्या जाहिरातींना बंदी घातली. आपल्याकडं कर्नल रामनाथ चोपडांच्या समितीनं १९३०-३१ मध्ये औषधांच्या बाजाराची पाहणी केली. त्यातून १९४० चा औषध कायदा आला, तो अंमलात यायला १९४७ चा एप्रिल उजाडला. तो कायदा बाटलीतला माल आणि बाटलीवरचं लेबल पाहत होता. आयुर्वेदिक, युनानी औषधं त्यात आली ती थेट १९६४ च्या दुरुस्तीनं. वर्तमानपत्रातल्या चौकटीला त्यानं हात लावला नाही.

हात लावला तो १९५४ च्या कायद्यानं. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा असं त्याचं लांबलचक नाव. राजकुमारी अमृत कौर तेव्हा केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १ एप्रिल १९५५ पासून तो लागू झाला तेव्हा वाशिम मध्यप्रदेशात होतं आणि आमची राजधानी नागपूर होती. हा कायदा शांतपणे वाचावा. कलम ३ म्हणतं की काही गोष्टींसाठी औषधाची जाहिरातच करायची नाही, ती खरी असो की खोटी. स्त्रीचा गर्भपात किंवा गर्भ राहू न देणं, कामशक्ती वाढवणं, पाळीचे विकार, आणि परिशिष्टात दिलेले रोग. त्या परिशिष्टात मधुमेह आहे, क्षय आहे, कुष्ठरोग आहे, कोड आहे, मोतीबिंदू आहे, लठ्ठपणा आहे, आणि माणसाची उंचीसुद्धा आहे. कलम ४ औषधाबद्दल खोटा समज करून देणाऱ्या जाहिरातीला मनाई करतं, कलम ५ ताईत, मंत्र, कवच यांच्या जाहिरातीला. जाहिरात छापणारासुद्धा गुन्ह्यात येतो. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, पुन्हा केला तर वर्षापर्यंत. डॉक्टरांना गुपचूप पाठवायची पत्रकं यातून सुटली, अट इतकीच की वर ‘केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी’ असं छापायचं. औषध कंपन्यांच्या गुळगुळीत कागदांवर ती ओळ दिसते, ती या कायद्याच्या १९५५ च्या नियमांतून आलेली आहे.

या कायद्यात एक गंमत आहे, आणि ती मला नेहमी खटकत आली. ‘धातू गेली, आता संपलो’ या भीतीवर जो बाजार उभा होता, त्या भीतीला महाराष्ट्रात सगळ्यात जास्त उत्तरं दिली ती र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’नं. १९२७ पासून हा माणूस वाचकांच्या पत्रांना स्वच्छ भाषेत सांगत होता की यात रोग नाही, औषध नको. त्याला बक्षीस म्हणून अश्लीलतेचे खटले मिळाले. १९५३ च्या ऑक्टोबरात कर्वे गेले आणि मासिकही बंद पडलं. पुढच्या वर्षी कायदा आला त्यात भोंदूंच्या गोळ्या आणि स्त्रीसाठीचं संततिनियमनाचं साधन जाहिरातीपुरतं एकाच ओळीत बसवलं होतं. पुढं सरकारलाच कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घेऊन भिंती रंगवाव्या लागल्या, हे वेगळं.

कायदा येऊन पाच वर्षंही झाली नाहीत तोच तो सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्यानं आव्हान दिलं होतं. १८ डिसेंबर १९५९ ला निकाल लागला. जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे, विकायच्या औषधाची जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं, आणि कायद्याचा मुख्य भाग टिकला. पण दोन गोष्टी गेल्या. सरकारनं नियमांनी हवा तो रोग यादीत घालायचा, याला न्यायालयानं नकार दिला. आणि माल व कागदपत्रं जप्त करण्याचं कलम ८ रद्द झालं. १९६३ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला, रोगांची यादी परिशिष्टातच लिहून टाकली, कलम ८ नव्या शब्दांत परत आणलं आणि गुन्हा दखलपात्र केला. म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाची वाट पाहायची गरज उरली नाही. हे कलम ८ लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडं यायचं आहे.

मी खिडकीवर बसलो तेव्हा हा सगळा कायदा पुस्तकात होता आणि पार्सलं टेबलावर होती. त्यांची एक ओळख असे. जाड खाकी कागद, आडवीतिडवी सुतळी, लाखेचा मोठा शिक्का, पाठवणाऱ्याचं नाव ‘अमुक फार्मसी’ किंवा ‘तमुक आश्रम’. हलवलं तर पुड्यांचा आवाज. असं पार्सल पोस्टमननं घरी न्यावं असं कुणाला वाटत नसे. आधी पोरगा येऊन विचारून जाई, ‘मास्तर, माह्या नावाचं काही आलं काय?’ मग खिडकीवर गर्दी नसेल तेव्हा परत येई. नाव मोठ्यानं पुकारलं की चेहरा पडे. काही जण पत्त्यावर मित्राचं नाव घालत. लग्नाच्या हंगामाआधी ही पार्सलं वाढत. कापसाचे पैसे हातात आले की तेव्हाही वाढत. तेव्हा सोयाबीन आलं नव्हतं, ज्वारी-कापसाचा काळ होता.

कोडाच्या औषधांचा पत्ता बहुतेक वेळा एकच, कतरी सराय, गया. नालंद्याजवळचं हे गाव. सफेद दाग घालवण्याच्या जाहिराती या गावातून देशभरच्या हिंदी-मराठी वर्तमानपत्रांत जात. जाहिरातीची रीत ठरलेली, की पहिलं औषध फुकट, पत्र लिहा. पत्र लिहिलं की पत्ता त्यांच्या वहीत गेला. मग एकामागून एक व्हीपी. आज हेच कतरी सराय मोबाईलवरच्या फसवणुकीसाठी पोलिसांच्या कागदांत आहे, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पत्ते जमवायचे, लाजेचा दाम करायचा, ही विद्या त्या गावानं पोस्टावरच शिकलेली होती.

मानोरा तालुक्यातला एक शेतकरी मला आठवतो. लेकीच्या हातावर पांढरा डाग आला होता. पोरगी लग्नाची. तो दर काही आठवड्यांनी येऊन व्हीपी सोडवी, आणि प्रत्येक वेळी किंमत आधीपेक्षा जास्त. आतली पुडी पिवळसर, वास हळदीचा. मी त्याला सांगितलं की १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात सोय आहे. व्हीपी खऱ्या मागणीवरूनच पाठवायची अशी अट आहे, आणि फसवणूक झाली तर वसूल झालेला पैसा रोखून परत देता येईल असे नियम करायचा अधिकारही त्यात आहे. अर्ज दे, मी अकोल्याला पाठवतो. तो खाली बघत म्हणाला, ‘मास्तर, अर्जात पोरीचं नाव लिहा लागन ना? गावात कोनालेच मालूम नाही अजून.’ अर्ज झाला नाही. कोड संसर्गजन्य नाही, त्यानं जीव जात नाही, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात निदान खरं तरी सांगतात, हे त्याला पोस्टातल्या माणसानं सांगायची वेळ आली होती.

या धंद्याचा खरा पाया इथं आहे असं माझं मत झालं. परिशिष्टातली यादी पुन्हा वाचा. नपुंसकत्व, पाळी, कोड, कुष्ठ, लठ्ठपणा, उंची. या सहांतली प्रत्येक गोष्ट अशी आहे की फसलेला माणूस तक्रार करायला पुढं येत नाही. तापाचं खोटं औषध विकणारा आठवड्यात मार खाईल. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण त्यांचा माल खपायचा तो गिऱ्हाइकाच्या गप्प राहण्यावर. आणि आपलं सरकार तक्रार आल्याशिवाय हलत नाही, ही त्याची जुनी चाल आहे.

बाजारात आणि जत्रेत हा धंदा उघड्यावर चालायचा, तो निदान दिसायचा तरी. रामनवमीला पोहरादेवीला लाखांनी बंजारा समाज येतो. तिथं, मंगरुळपीरच्या उरुसात, कारंज्याच्या आठवडी बाजारात चादर पसरून बसणारे असत. काचेच्या बरण्यांत मुळ्या, समोर शेगडी, शेगडीवर कढई, आणि कढईत सांड्याचं नाहीतर घोरपडीचं तेल. या दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळं औषधवाले अधिकारी हात लावत नसत तिथं कधीकधी वनखात्याचा माणूस पोचायचा, हा योगायोगाचा न्याय. विक्रेता पंधरा मिनिटं बोले, त्यात गुप्तरोगापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं येई. तोंडी बोलणंसुद्धा १९५४ च्या कायद्यात जाहिरातच आहे. पण भोंग्यावरचा पुरावा कागदावर कसा आणायचा, हा प्रश्न पंचनामा करणाऱ्याला पडे.

दातांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथं सरकारनं खरंच काम केलं. तंबाखू भाजून केलेली मिश्री आमच्या आयाबाया दात घासायला वापरत. त्याच्या पुढची पायरी म्हणून डबीतलं तंबाखूचं दंतमंजन आणि ट्यूबमधली पेस्ट आली, हिरड्या मजबूत करणारी म्हणून. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायलाच बंदी केली. उत्पादक न्यायालयात गेले, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. स्वच्छतेच्या नावानं व्यसन विकणं काही अंशी तरी थांबलं. घरी भाजलेली मिश्री अजून आहे, पण ती कुणी आरोग्य म्हणून विकत नाही.

मग दूरचित्रवाणी आली, आणि रात्रीच्या वेळी तासतासभर यंत्रं विकली जाऊ लागली. घरात लावलं की रोग जातो, पैसा येतो. औरंगाबादच्या एका शिक्षकानं २०१५ मध्ये याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडं याचिका केली. वकील नाही, कंपनी नाही, एक शाळामास्तर. ५ जानेवारी २०२१ ला निकाल आला. अलौकिक शक्तीचा दावा करून वस्तू विकणाऱ्या अशा जाहिराती २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं बेकायदा आहेत, दूरचित्रवाणीवर त्या दाखवणाऱ्या वाहिन्याही जबाबदार आहेत, आणि यावर नजर ठेवायला मुंबईत कक्ष उभारा. ज्या कायद्यावर हा निकाल उभा राहिला, त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अठरा वर्षं घासली आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर सरकारला वटहुकूम काढायची बुद्धी झाली. सर्प, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हाही त्या कायद्यानं गुन्हा आहे. आमच्यासारख्या शेतकरी जिल्ह्यात या एका कलमाची किंमत फार मोठी आहे.

करोनात या धंद्याला सुगी आली. मार्च २०२० मध्ये मुंबईत अन्न व औषध प्रशासनानं बनावट सॅनिटायझरचे साठे पकडले. भिवंडीच्या एका गादीवाल्यानं करोनाविरोधी गादीची जाहिरात वर्तमानपत्रात दिली, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि त्यात १९५४ चा हा जुना कायदाही लावला गेला. जून २०२० मध्ये पतंजलीनं करोनिल आणलं तेव्हा आयुष मंत्रालयानं त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितली, राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्रात विक्री होऊ देणार नाही असं जाहीर केलं. पुढं हीच कंपनी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली आणि २०२४ मध्ये तिला वर्तमानपत्रांत माफी छापावी लागली. माफी जाहिरातीएवढ्याच आकाराची आहे का, असं न्यायमूर्तींनी विचारलं, ते मला आवडलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दंडाचा आकडाही वाढला, पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. परदेशी दंतवैद्यांना पुढं करून जाहिरात केल्याबद्दल सेन्सोडाइन टूथपेस्टला २०२२ मध्ये दहा लाखांचा दंड झाला.

मोठ्या कंपनीला असा दंड करता येतो, कारण तिचा पत्ता असतो. मोबाईलवर ‘सात दिवसांत साखर गायब’ म्हणणाऱ्याचा पत्ता नसतो. रिसोड-मालेगावच्या खेड्यात आज जे पार्सल येतं त्यावर ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ असतं. व्हीपीच ती, फक्त खाकी कपडे जाऊन बॅग पाठीवर आली. पैसे आधी, फोडून पाहणं नंतर. घेणारा अजूनही दारात न घेता पाराजवळ बोलावतो. जुन्या कायद्याला निदान फसवणुकीचा पैसा रोखण्याची भाषा माहीत होती. तो १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा जून २०२४ मध्ये इतिहासजमा झाला.

आता कलम ८. झडती आणि जप्तीचा अधिकार असलेला अधिकारी राज्यानं नेमायचा, असं हे कलम सांगतं. २६ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना आदेश दिला, की असे अधिकारी एका महिन्यात नेमा आणि लोकांना तक्रार करता येईल अशी व्यवस्था दोन महिन्यांत उभी करा. १९६३ मध्ये दुरुस्त होऊन आलेलं कलम, आणि त्यासाठी माणूस नेमा हे न्यायालयाला २०२५ मध्ये सांगावं लागतं. बासष्ट वर्षं. आमच्या खात्यात एखादी व्हीपी बासष्ट दिवस पडून राहिली असती तरी मेमो आला असता.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. जाहिरातीचं कात्रण फाडू नका, मोबाईलवरच्या जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, पार्सलचं वेष्टन आणि पैसे दिल्याची पावती जपा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं किंवा ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर करा. तक्रार जाहिरातीविरुद्ध करायची असते, त्यात घरातल्या कुणाच्या आजाराचं नाव लिहावं लागत नाही. जाहिरात दिसली एवढं कारण कायद्याला पुरतं.